पंडिता रमाबाई आणि पवित्र आत्म्याची दाने



पेंटेकॉस्टचा सण जवळ आला की एक प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. दृढीकरणाच्या वर्गातील मुले पवित्र आत्म्याची सात दाने पाठ करून येतात. मोठी माणसे मात्र वेगळेच विचारतात. अमक्या रिट्रीटमध्ये शेजारणीला अन्य भाषांचे दान मिळाले, मग मी इतकी वर्षे मिस्साला येऊनही मला का नाही? कुणी रोग्यावर हात ठेवून प्रार्थना करतो, कुणाला दर्शन घडते, आणि मी नुसता बाकावर बसून राहतो. माझ्यावर आत्मा उतरलाच नाही की काय? विचारणाऱ्याच्या मनात खरी व्यथा असते. धर्मशिक्षणाच्या पुस्तकातले दोन ओळींचे उत्तर देऊन त्याला वाटेला लावणे आम्हाला बरे वाटत नाही. म्हणून या वेळी आपल्याच पुणे जिल्ह्यात राहून गेलेल्या एका बाईंची हकिकत सांगतो. मुळशी जिल्ह्याच्या पश्चिमेला, तर त्यांचे केडगाव पुण्यापलीकडे दौंडच्या वाटेवर. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाई आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये झाला आणि पुढे त्या कुठल्याच एका पंथाच्या चौकटीत मावल्या नाहीत. परंतु आपल्या ख्रिस्तसभेच्या दृश्य सीमेबाहेरही पवित्र आत्मा आपली दाने देतो, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच मान्य केले आहे. तेव्हा संकोचाचे कारण नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. तो भाग आता कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे संस्कृत पंडित. बायकांना संस्कृत शिकवू नये असा तो काळ. पण शास्त्रीबुवांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले आणि त्यापायी धर्मपंडितांपुढे जाब द्यायची वेळही सोसली. पुढे लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवले. पहाटे, कामाला लागण्याआधी, झोपाळू पोरीला उठवून ही आई तिच्याकडून श्लोक घोकून घेई. रमाबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पायी हिंडत असे, देवळांत पुराण सांगे आणि मिळेल त्यावर राही. भागवतातील हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत झाले ते असे.

१८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे उपाशीतापाशी चालत देशभर फिरली आणि १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीबाहेर, त्यांचा विवाह झाला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ मध्ये पटकीने पती गेला. वयाच्या तेविसाव्या वर्षी जवळचे असे कोणी नाही, कडेवर एक मूल, आणि डोक्यात संस्कृतचे भांडार.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आमच्या मनात पक्का बसला होता. कृपा ही माणसाच्या मूळ स्वभावाला, त्याच्या अंगच्या गुणांना मोडून टाकत नाही. ती त्यांना पूर्णत्वाला नेते. रमाबाईंच्या आयुष्यात हे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल. लक्ष्मीबाईंनी पहाटे पाठ करून घेतले ते प्रभू येशूसाठी नव्हते, त्याचे नावही त्या घरात नव्हते. तरीही पुढे जे दान रमाबाईंच्या हातून फळाला आले त्याचे बी त्या पहाटेच पेरले गेले होते.

१८८२ साली त्या पुण्याला आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज गावच्या धर्मभगिनींकडे राहत असताना लंडनजवळ फुलहॅम येथे त्यांनी एक आश्रम पाहिला. ज्या स्त्रियांना समाजाने टाकून दिले होते त्यांना त्या भगिनी प्रेमाने सांभाळीत होत्या. पतित म्हणून हाकलायच्या त्या बायकांशी असे वागणारा धर्म कोणता, या प्रश्नाने रमाबाईंना ग्रासले. एका भगिनीने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीचा प्रसंग वाचून दाखवला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. तरी पुढे कितीतरी वर्षे त्या धर्मगुरूंशी आणि भगिनींशी एकेका सिद्धांतावर वाद घालीत राहिल्या. (असा एखादा प्रश्नकर्ता आपल्या धर्मग्रामात असला तर आम्हाला आनंदच होईल, थोडा घाम फुटेल इतकेच.)

अमेरिकेत व्याख्याने देऊन आणि १८८७ साली इंग्रजीत एक पुस्तक लिहून त्यांनी मदत उभी केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले आणि वर्षभराने ते पुण्यात आले. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये त्यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. त्याच वर्षी सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून पुण्यात मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांची भीती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. पण रमाबाईंनी आपल्या खोलीचे दार लावून घेतले नाही, हेही तितकेच खरे.

मग १८९६ चा दुष्काळ आला. लहानपणी स्वतः दुष्काळात होरपळलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन परतल्या. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ. इतक्या मुलींना शहरात ठेवायला सरकारची परवानगी मिळेना. केडगावला फळबागेसाठी घेतलेली जमीन होती. तिथे आधी तंबू, मग इमारती, असे १८९८ साली मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडल्यावर संख्या दीड हजारांच्या आसपास गेली. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, आंधळ्यांसाठी बर्तिमी सदन. शेती, गुरे, माग, छापखाना, सारे बायकाच चालवीत.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींपुढे आत्मिक जागृतीसाठी प्रार्थना करण्याचा विचार मांडला. आधी सत्तरएक मुली आल्या, जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. जूनच्या अखेरीस, पहाटेच्या सुमारास, एका मुलीला आपल्या अंगात आग पेटल्यासारखे वाटू लागले. बरोबरच्या मुलीला ती आग खरीच भासली. ती धावत पाण्याची बादली आणायला गेली, आणि ओतणार तोच तिच्या ध्यानात आले की कुठे काही जळत नाही! यानंतर सदनात पश्चात्ताप, रडणे, मोठमोठ्याने एकदम प्रार्थना करणे यांना उधाण आले, आणि पुढील काळात काही मुली अन्य भाषांत बोलू लागल्या. लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवरील प्रसिद्ध सभा १९०६ च्या एप्रिलमधल्या. केडगावची जागृती त्याआधीची. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी तिच्यावर लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेत चिलीपर्यंत पोहोचली आणि तिथल्या १९०९ च्या पेंटेकॉस्टल चळवळीला तिने चालना दिली. कॅथलिकांमधील करिझ्मॅटिक नूतनीकरणाला १९६७ साल उजाडावे लागले.

साहजिकच टीका झाली. हा उन्माद आहे, असे काही मिशनरी म्हणू लागले. रमाबाईंनी मुलींना गप्प केले नाही. आपली माणसे रडतात ती मोठ्याने आणि हसतात तीही मोठ्याने. त्यांनी देवापुढे युरोपातल्या शिस्तीनेच का बसावे, असा त्यांचा रोख होता. पण दुसऱ्या बाजूलाही त्या वाहवल्या नाहीत. अन्य भाषा बोलल्याशिवाय आत्मा मिळालाच नाही, हे मत त्यांनी स्वीकारले नाही. प्रीती ही एकच आवश्यक खूण. रोग बरे करणे, भाषा, भविष्यवाणी ही दाने टाकून देण्याची नाहीत, पण ती सर्वांना हवीतच असेही नाही, असा त्यांचा निवाडा. संत पौलाने करिंथच्या मंडळीला जे समजावले तेच हे. आणि स्वतः रमाबाई अन्य भाषांत बोलल्या नाहीत. ज्यांनी प्रार्थना सुरू केली त्यांनाच ते दान मिळाले नाही, मिळाले ते दुष्काळातून आलेल्या अक्षरशत्रू पोरींना. याचे रमाबाईंना वैषम्य वाटले असते तर आपण समजू शकलो असतो. पण त्या हेवाही करीत बसल्या नाहीत आणि देखल्या देवा दंडवत म्हणून तसा आवही त्यांनी आणला नाही.

त्या काय करीत होत्या? त्याच वर्षांत त्या बायबलचे मराठीत भाषांतर करीत होत्या. तेव्हाचे मराठी बायबल संस्कृत शब्दांनी जड झालेले होते. पुण्याच्या शास्त्र्याला ते कळे, केडगावच्या शेतात खुरपणाऱ्या बाईला कळत नसे. संस्कृतात घडलेल्या या पंडितेने संस्कृतच बाजूला ठेवायचे ठरवले! त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. तेव्हा त्यांना ऐकूही कमी येत होते. मूळ शब्द, त्याचा अर्थ, मग साधा मराठी शब्द. तो ओढूनताणून बसला तर पुन्हा शोध. असे हे काम दीड तपाच्या आसपास चालले. एका खोलीत मुली कुणालाही न कळणाऱ्या भाषांत देवाची स्तुती करीत आहेत, आणि दुसरीकडे एक बाई अडाणी माणसाला कळेल असा एकेक शब्द वेचते आहे, असे ते केडगाव होते. अन्य भाषांचे दान सभेत वापरायचे तर अर्थ सांगणारा हवा, हा पौलाचा आग्रह आठवला की आम्हाला वाटते, रमाबाईंना अर्थ सांगण्याचे दान मिळाले होते. फक्त ते एका रात्रीत उतरले नाही. आईच्या घोकंपट्टीपासून कोशांच्या पानांपर्यंत ते रोज थोडेथोडे मिळत गेले.

भाषांतर सर्वत्र वापरले गेले असे मात्र झाले नाही. मूळ शब्दाला घट्ट धरून राहिल्यामुळे ते जागोजागी अवघड चालते, आणि मंडळ्यांनी दुसरीच भाषांतरे वापरली. म्हणून ते दान वाया गेले, असे म्हणायला आमची जीभ वळत नाही. भाषांची जागृती ओसरल्यावर मुक्ती सदनातील मुली गटागटाने खेड्यांत गेल्या. त्यांच्याजवळ सांगायला जे होते ते साध्या मराठीत होते.

शेवटची वर्षे कठीण गेली. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. ती आईचा उजवा हात होती, तिच्यामागे काम तीच पाहणार असे सर्वांनी धरले होते. आपल्या मुळशीत धरणाविरुद्ध सत्याग्रह चालू होता तो हाच काळ. रमाबाई एकुलती लेक पुरून पुन्हा टेबलाशी बसल्या. भाषांतर पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूच्या घरी गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, पाने दुमडणाऱ्या आणि बांधणी करणाऱ्या सगळ्या बायका होत्या. त्यांच्यापैकी कितीतरी जणी दुष्काळात केडगावला आल्या तेव्हा त्यांना आपले नावही लिहिता येत नव्हते.