निजामाच्या राज्यात बंदूक घेऊन फिरलेले सलीम अली आज बर्ड फोटोग्राफर्सचे गुरू कसे झाले?

हिवाळा लागला की नांदेड-लातूरकडच्या लोकांच्या इन्स्टाग्रामवर एक फोटो हमखास दिसायला लागतो. पहाटेची वेळ, आरशासारखं थांबलेलं पाणी आणि त्यात लाल काडीसारख्या पायांवर उभा असलेला शेकाट्या. एक शेकाट्या पाण्यावर आणि एक उलटा, पाण्यात. कुणी विष्णुपुरीच्या काठावरून फोटो टाकतं, कुणी मांजरा धरणावरून, कुणी कंधारच्या जुन्या तळ्यावरून. खाली हॅशटॅग असतात. बर्ड फोटोग्राफी, गोल्डन अवर, नेचर लव्हर.

हा फोटो पहाटेच का मिळतो, यामागचं कारण साधं आहे. रात्रभर हवा शांत झालेली असते. ऊन चढून जमीन तापायला लागली की वारा सुटतो, पाण्यावर लाटा उठतात आणि प्रतिबिंब मोडतं. म्हणजे सूर्य उगवल्यापासून जेमतेम तासभर हातात असतो. त्यातही कॅमेरा जितका पाण्याच्या जवळ, तितकं प्रतिबिंब ठळक, कारण तिरक्या नजरेला पाणी जास्त प्रकाश परत पाठवतं. म्हणून अनुभवी फोटोग्राफर काठावर उभा राहत नाही. तो चिखलात पोटावर झोपतो.

आता या चिखलात झोपणाऱ्या मंडळींचा गुरू कोण, असं विचारलं तर एक नाव घ्यावंच लागतं. गंमत म्हणजे हा माणूस फोटोग्राफर नव्हता. त्याच्या हातात बंदूक होती. त्याचं नाव सलीम अली.

त्यांच्या कामाचा एक मोठा टप्पा निजामाच्या हैदराबाद संस्थानात पार पडला, ज्यात तेव्हा आपला अख्खा मराठवाडा होता.

एका चिमणीपासून सुरुवात

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतला. वर्षभराचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मग खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी त्यांना वाढवलं. मामा शिकारीचे शौकीन, त्यामुळे घरात बंदुकांचं वातावरण. भाच्याच्या हातातही छर्‍याची बंदूक आली.

त्या बंदुकीने एक दिवस एक चिमणी पडली. पण ही नेहमीची चिमणी नव्हती. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हा कुठला पक्षी, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं, म्हणजेच बीएनएचएसमध्ये. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखला, वर कपाटं उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी पोराला दाखवले. साल होतं १९०८. पोरगं तिथेच अडकलं ते कायमचं.

पुढचा रस्ता मात्र सरळ नव्हता. मधली काही वर्षं ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात गेली. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं. पक्षीशास्त्रात नोकरी करायची तर सरकारी खात्याला विद्यापीठाची पदवी हवी होती, आणि ती त्यांच्याकडे नव्हती. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चररची नोकरी मिळाली. तिथून रजा काढून ते बर्लिनला गेले आणि एर्विन श्ट्रेसमान या त्या काळच्या मोठ्या पक्षीशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परत आले, तर पैसे नाहीत म्हणून म्युझियमने त्यांची जागाच रद्द केलेली.

वय ३३, हातात नोकरी नाही.

किहीमच्या झाडाखाली

मुंबईत राहणं परवडेना, म्हणून नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे घराजवळच सुगरणींची वसाहत होती. लटकती घरटी विणणारी सुगरण आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. सलीम अलींनी घरट्यांजवळ लपण केलं आणि महिनोन्‌महिने त्यात बसून बघत राहिले.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की घरटं नर विणतो, पण अर्ध्यावर थांबतो. मग मादी येऊन पाहणी करते. तिला पसंत पडलं तर जोडी जमते आणि घरटं पूर्ण होतं. मादी अंडी घालून बसली की नर शेजारीच दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे त्यांनी लिहून छापलं आणि त्यांचं नाव झालं.

आजच्या फोटोग्राफरला यातली कुठली गोष्ट ओळखीची वाटते? लपण. आज आपण त्याला हाइड म्हणतो. पक्ष्याला आपण दिसायचं नाही, त्याला उडवायचं नाही, तो आपल्याला विसरेपर्यंत बसून राहायचं. नोकरी गेलेल्या माणसाने किहीममध्ये जे केलं, तेच आज तळ्याकाठी कॅमेरावाल्याला करावं लागतं.

निजामाच्या राज्यात

किहीमनंतर सलीम अलींनी एक शक्कल लढवली. देशातल्या अनेक संस्थानांमध्ये कुठले पक्षी आहेत याची पद्धतशीर नोंदच नव्हती. त्यांनी प्रस्ताव ठेवला की प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, मी पगार न घेता पाहणी करून देतो. पहिलं मोठं काम मिळालं हैदराबाद संस्थानाचं. १९३१-३२ मध्ये ही पाहणी झाली.

तेव्हाचा नकाशा डोळ्यासमोर आणा. हैदराबाद संस्थानात १६ जिल्हे होते. त्यातले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे ५ मराठवाड्याचे. लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता, त्याचा वेगळा जिल्हा झाला १९८२ मध्ये. विष्णुपुरी नव्हतं, जायकवाडी नव्हतं, मांजरा धरणही नव्हतं. होत्या त्या गोदावरी, मांजरा, तेरणा या नद्या, त्यांचे डोह आणि गावोगावची जुनी तळी.

या दौऱ्यांवर तेहमिनाही सोबत असायच्या. आरामात वाढलेली ही बाई तंबूत राहिली आणि छावणीचा संसार सांभाळला. सलीम अली पक्षी गोळा करायचे. गोळा करायचे म्हणजे बंदुकीने मारायचे. कातडं काढून, आत कापूस भरून, पायाला चिठ्ठी बांधायचे. चिठ्ठीवर तारीख, ठिकाण, नर की मादी, अशी सगळी माहिती. इंग्लंडमधले अभ्यासक ह्यू व्हिस्लर यांनी त्यावर टिपणं लिहिली आणि १९३३-३४ मध्ये हा अहवाल बीएनएचएसच्या जर्नलमध्ये भागाभागाने छापून आला.

आता तुम्ही म्हणाल, पक्ष्यांवर प्रेम करणारा माणूस पक्षी मारत कसा होता? प्रश्न बरोबर आहे. पण त्या काळात पक्षीशास्त्र म्हणजे हेच होतं. दुर्बिणी साध्या, कॅमेरे जड आणि संथ. एकसारख्या दिसणाऱ्या दोन पक्ष्यांतला फरक सांगायचा तर तो हातात घेऊनच सांगावा लागायचा. सलीम अलींनी हे कधी लपवलं नाही. अभ्यासासाठी मारणं आणि मजेसाठी मारणं यात ते फरक करायचे.

मजेसाठी मारणं कसं असतं, याचं उदाहरण राजस्थानात भरतपूरला दगडावर कोरून ठेवलंय. तिथल्या तळ्यावर व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो आणि त्यांच्या पाहुण्यांनी एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. तारीख होती १२ नोव्हेंबर १९३८. म्हणजे नेमका सलीम अलींचा ४२ वा वाढदिवस.

सिनेमावाला दोस्त आणि त्याचा कॅमेरा

१९३९ मध्ये एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. सलीम अली एकटे पडले आणि त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतलं. १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं, द बुक ऑफ इंडियन बर्ड्स. रंगीत चित्रं आणि सोपी भाषा. सामान्य माणसाला पक्षी ओळखता यायला लागला तो या पुस्तकामुळे. नेहरूंनी ते इंदिरा गांधींना भेट दिलं होतं.

याच काळात त्यांच्या आयुष्यात कॅमेरा आला, तो एका मित्राबरोबर. मित्राचं नाव लोक वान थो. मलायातल्या गडगंज घराण्यातला मुलगा, सिंगापूरच्या कॅथे सिनेमाचा मालक. १९४२ मध्ये जपानी सैन्य सिंगापूरच्या दारात आलं तेव्हा तो जहाजाने निघाला. जहाजावर बॉम्ब पडले, तो गंभीर भाजला आणि काही काळ त्याची दृष्टीही गेली. त्यातून वाचून तो भारतात पोहोचला. स्वित्झर्लंडमधल्या शाळेत त्याला शिकवलेले जॅक गिब्सन बीएनएचएसचे सदस्य होते. त्यांनी त्याची सलीम अलींशी गाठ घालून दिली.

एकाला पक्ष्यांचं ज्ञान, दुसऱ्याला फोटोचं वेड. दोघं मिळून पक्ष्यांमागे फिरले. लोक वान थो लपणात तासन्‌तास बसून फोटो काढायचा आणि युद्धानंतरही त्याने सलीम अलींच्या कामाला पैसा पुरवला. त्याचं पक्ष्यांवरचं पुस्तक १९५७ मध्ये आलं. १९६४ मध्ये तैवानमध्ये विमान अपघातात तो गेला, तेव्हा तो अवघा ४९ वर्षांचा होता.

सलीम अलींचा स्वभाव कोरडा शास्त्रज्ञाचा नव्हता. मोटारसायकलचं वेड असं की १९५० मध्ये स्वीडनमधल्या पक्षीशास्त्रज्ञांच्या परिषदेला जाताना आपली सनबीम गाडी जहाजाने युरोपात नेली आणि तिच्यावर बसून फिरले. तेव्हा वय होतं ५३.

भरतपूर वाचवलं, पण एक गणित चुकलं

स्वातंत्र्यानंतर भरतपूरच्या तळ्यावर नवं संकट आलं. आजूबाजूच्या शेतीसाठी ते पाणी काढून घ्या आणि जमीन कसायला द्या, अशी मागणी होती. सलीम अलींनी थेट नेहरूंपर्यंत विषय नेला आणि तळं वाचलं. १९८५ मध्ये ते जागतिक वारसा झालं. जिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले, तिथे आज जगभरातले लोक कॅमेरे घेऊन येतात.

पण गोष्ट इथे संपत नाही. सलीम अलींचं मत होतं की तिथे चरणारी गुरं आणि म्हशी बंद करायला हव्यात. १९८२ मध्ये चराई बंद झाली. गावकरी भडकले, गोळीबार झाला, माणसं मेली. पुढे बीएनएचएसच्याच अभ्यासातून कळलं की म्हशी गवत खाऊन पाणी मोकळं ठेवत होत्या. त्या गेल्यावर गवत माजलं आणि पाणपक्ष्यांची जागा कमी झाली. पक्ष्यांच्या भल्यासाठी केलेली गोष्ट पक्ष्यांनाच महागात पडली.

मराठवाड्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. आपली तळी ही फक्त पक्ष्यांची नाहीत. तिथे म्हशी डुंबतात, मासेमार जाळं टाकतात, पाणी ओसरलं की शेतकरी गाळपेर करतात. फोटोत म्हैस आली म्हणून आपण वैतागतो, पण तिच्या पाठीवरचा बगळा आणि तिने मोकळा ठेवलेला काठ हासुद्धा त्याच तळ्याचा भाग आहे.

आणि पाणीच नसेल तर सगळंच संपतं. २०१६ मध्ये मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. माणसांसाठी रेल्वे आली. तिबेट-लडाखकडून येणाऱ्या चक्रवाकासाठी किंवा हिमालय ओलांडून येणाऱ्या पट्टकादंबासाठी अशी कुठलीही सोय नसते. तळं कोरडं दिसलं की तो पुढे निघून जातो, आणि तो आला होता हे कुणाला कळतही नाही.

फोटोला चिठ्ठी बांधा

सलीम अलींना १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. डिलन रिप्ले यांच्यासोबत त्यांनी भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवर १० खंड लिहिले. १९८५ मध्ये ते राज्यसभेवर गेले आणि १९८७ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षात, मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांचा १२ नोव्हेंबर आणि मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर, या दोन वाढदिवसांच्या मधले दिवस महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरे होतात.

त्यांनी गोळा केलेले पक्षी आजही अभ्यासाला उपयोगी पडतात, ते दिसायला सुंदर आहेत म्हणून नाही, तर पायाला बांधलेल्या त्या चिठ्ठीमुळे. तारीख आणि ठिकाण नसेल तर उरतो फक्त कापूस भरलेला पक्षी. फोटोचंही तसंच आहे. प्रतिबिंब कितीही सुरेख असलं तरी कुठलं तळं, कोणती तारीख, किती पक्षी होते, काय करत होते, हे लिहिलेलं नसेल तर ते फक्त एक छान चित्र. लिहिलेलं असेल तर तो मराठवाड्याच्या पाण्याचा पुरावा. ई-बर्डसारख्या ठिकाणी ही नोंद कुणालाही फुकटात करता येते.

अपवाद फक्त घरट्याचा. त्याची जागा जाहीर करू नका, कारण दुसऱ्या दिवशी तिथे दहा कॅमेरे पोहोचतात आणि पक्षी अंडी सोडून जातो. बाकी सलीम अलींना जे कळायला बंदूक लागली, ते आपल्याला एका क्लिकमध्ये मिळतं. त्या क्लिकखाली दोन ओळी लिहायला फार तर एक मिनिट लागतं.