गाठ साधी की कर्करोगाची? : डॉ. वसंत रामजी खानोलकर

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाड्यातल्या गावागावांतून माणसे येतात. गाठीचा तुकडा तपासायला गेला की रिपोर्ट येईपर्यंत घरच्यांच्या मनात एकच प्रश्न घोळतो: साधी की कॅन्सरची? त्याचे उत्तर सर्जन नव्हे, सूक्ष्मदर्शकाशी बसलेला पॅथॉलॉजिस्ट देतो, आणि त्याचे नाव रुग्णाला बहुधा कळतही नाही. भारतात या शास्त्राचा पाया घातला तो डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी.

खानोलकर मूळचे गोमंतकीय मराठी घराण्यातले. जन्म मात्र १३ एप्रिल १८९५ रोजी क्वेट्टा येथे, म्हणजे आजच्या पाकिस्तानात झाला. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये त्यांनी पॅथॉलॉजीची एम. डी. मिळवली. मुंबईत परतून ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली.

गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि पाहायचे, हे काम तेव्हाही असेच चाले. पण स्लाइडवर निदान लिहून खानोलकर थांबत नसत. हा रुग्ण कुठला, काय खातो, तंबाखू तोंडात कुठे धरतो, हेही ते विचारत. सहकारी सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये त्यांनी सवयींशी जोडलेले कर्करोगाचे प्रकार मांडले. खैनीची गोळी जिथे धरली जाते तिथे होणारा, चुट्ट्याचे जळते टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा आणि घट्ट कसलेल्या धोतराने कमरेवर होणारा. तिसरा प्रकार वाचून आजही नवल वाटते. एल. डी. संघवी यांच्यासोबत मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांतील आनुवंशिक गुणांचा अभ्यासही त्यांनी केला.

१९५२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. कॅन्सर डॉक्टरांनी एकट्याने सुटणार नाही, त्याला जीवशास्त्रज्ञ हवेत, हे त्यांनी वेळेवर ओळखले. कमल रणदिवे यांनी याच केंद्रात पेशी शरीराबाहेर वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, जगाला डीएनएची रचना कळली. पुढे खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राष्ट्रीय प्राध्यापक झाले, पद्मभूषणही मिळाले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीत डोळ्यांना अवघड जाणाऱ्या काही गाठी होत्या, त्या आजही आहेत. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाठी त्यातल्या खास. इथे निरुपद्रवी गाठीतही पेशींची केंद्रके मोठी आणि वेडीवाकडी दिसतात, आणि घातक गाठ कधी बरीच शहाणी दिसते. म्हणून १९८४ मध्ये लॉरेन्स वाइस यांनी नऊ खुणांची यादी दिली: पेशींचे विभाजन किती, मृत भाग आहे का, शिरेत किंवा आवरणात शिरकाव झाला आहे का, वगैरे.

डीएनए मोजण्याचा मार्गही याच सुमारास खुला झाला. फॉयल्गेन यांनी १९२४ मध्ये शोधलेला रंग डीएनए जास्त तिथे गडद चढतो, हे आधीपासून माहीत होते. १९८३ मध्ये मेणात जपलेल्या जुन्या गाठींमधूनही यंत्राने डीएनएचे प्रमाण काढता येऊ लागले. निरोगी पेशीत ४६ गुणसूत्रांपुरता, आणि विभाजनाआधी त्याच्या दुप्पट डीएनए असतो. हे गणित बिघडलेले दिसले की शंका वाढते. अधिवृक्क ग्रंथीच्या कर्करोगात ते पुष्कळदा बिघडलेलेच सापडते. अडचण अशी की काही साध्या गाठींतही ते बिघडते आणि काही घातक गाठींत बिघडत नाही. त्यामुळे डीएनएचा आकडा साक्षीदार म्हणून कामाचा, न्यायाधीश म्हणून नाही.

म्हणून गाठीचे वजन, आकार, संप्रेरके आणि स्लाइड यांची एकत्र मांडणी करूनच निदान लिहितात. तरीही शंका उरलीच, तर रुग्णाला ठरावीक महिन्यांनी पुन्हा स्कॅनसाठी बोलावले जाते.