शोधत होते भलतंच, सापडला हिपॅटायटिस बी : डॉ. ब्लमबर्ग यांची गोष्ट

दरवर्षी २८ जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिन असतो. हीच तारीख का? कारण तो बरूच ब्लमबर्ग यांचा वाढदिवस. हिपॅटायटिस बीचा व्हायरस शोधणारा हा माणूस मुळात तो शोधतच नव्हता.

१९२५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात नौदलात गेले, फिजिक्सची पदवी घेतली, मग थोडं गणित केलं आणि शेवटी कोलंबिया विद्यापीठात मेडिकलला दाखल झाले.

विद्यार्थी असतानाच १९५० साली ते दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेले. मोएंगो नावाचं खाणकामगारांचं गाव होतं. आफ्रिका, चीन, जावा आणि भारतातून ऊसमळ्यांवर नेलेल्या मजुरांचे वंशज या भागात राहायचे. हत्तीरोगाचा धोका सगळ्यांनाच होता, पण प्रत्येक समाजात तो होण्याचं प्रमाण वेगळं होतं. एकाला रोग होतो, शेजारच्याला का होत नाही? हा प्रश्न ब्लमबर्ग यांच्या डोक्यात बसला तो कायमचा.

उत्तरासाठी त्यांनी जगभरातल्या लोकांचं रक्त गोळा करायला सुरुवात केली. युक्ती साधी होती. ज्याला वारंवार दुसऱ्यांचं रक्त चढवलं जातं, त्याच्या शरीरात परक्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. अशा पेशंटचं रक्त इतरांच्या रक्तासोबत तपासलं की फरक पकडता येतो.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते आणि हार्वी ऑल्टर हेच काम करत होते. न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलिया पेशंटच्या रक्ताची थेट ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्ताशी प्रतिक्रिया झाली. त्या प्रथिनाला नाव मिळालं ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’. पण ते नेमकं आहे काय, याचा पत्ता नव्हता. आधी संशय आनुवंशिकतेवर गेला.

१९६६ साली गाडी रुळावर आली. डाऊन सिंड्रोम असलेल्या एका रुग्णाच्या रक्तात आधी हे अँटिजेन नव्हतं, नंतरच्या तपासणीत ते सापडलं. आनुवंशिक गोष्ट अशी मध्येच उगवत नाही. लिव्हर तपासलं तर हिपॅटायटिस! पुढे प्रयोगशाळेतली एक तंत्रज्ञ आजारी पडली आणि तिच्याही रक्तात तेच दिसलं. सुदैवाने ती बरी झाली. हे अँटिजेन म्हणजे व्हायरसचं बाहेरचं आवरण होतं.

मग रक्तपेढ्यांमध्ये तपासणी सुरू झाली आणि रक्तातून पसरणारी ही कावीळ घटली. रुग्णांच्या रक्तात व्हायरसची रिकामी आवरणं अफाट संख्येने असतात आणि त्यांच्यामुळे संसर्ग होत नाही. तीच वेगळी करून लस बनवायची कल्पना ब्लमबर्ग आणि आयर्विंग मिलमन यांनी १९६९ मध्ये मांडली. १९७६ ला ब्लमबर्ग यांना नोबेल मिळालं. १९८१ मध्ये अमेरिकेत लसीला मान्यता मिळाली. १९८६ पासून ती रक्ताऐवजी यीस्टच्या मदतीने बनू लागली.

पण मोएंगोमधला प्रश्न इथेही उरलाच होता. एक जण बरा होतो, दुसरा आयुष्यभर व्हायरस का बाळगतो?

याचं मोठं उत्तर टी सेल्समध्ये आहे, हे पुढच्या संशोधकांनी दाखवलं. हा व्हायरस स्वतः लिव्हरच्या पेशी सहसा मारत नाही. शरीराच्या टी सेल्स संसर्ग झालेल्या पेशी ओळखतात. काही मारून टाकतात, तर काहींमधला व्हायरस रासायनिक संदेश सोडून आवरतात. निरोगी मोठ्या माणसात बहुतेक वेळा ही लढाई टी सेल्सच जिंकतात.

जन्मताच लागण झाली तर चित्र उलटं. दहापैकी सुमारे नऊ बाळांमध्ये आजार कायमचा होतो. वर्षानुवर्षं व्हायरस आणि त्याच्या आवरणांचा मारा झेलून टी सेल्स थकतात, संख्येनेही घटतात. ब्लमबर्ग यांना सापडलेलं अँटिजेन ते हेच. टी सेल्सना ना जिंकता येतं, ना लढाई थांबवता येते. अधूनमधून हल्ले होतात, लिव्हरवर व्रण साठतात आणि पुढे सिरोसिस किंवा कॅन्सर होऊ शकतो. आजची औषधं व्हायरस दाबून ठेवतात, पण त्याचा मूळ साचा पेशीच्या केंद्रकात टिकून राहतो.

उपचाराच्या शोधात ब्लमबर्ग भारतापर्यंत आले होते. काविळीवर आपल्याकडे दिली जाणारी भुईआवळी त्यांनी मद्रासच्या संशोधकांसोबत तपासली. १९८८ च्या अभ्यासात आशा दिसली, पण नंतरच्या चाचण्यांमध्ये तसा गुण आढळला नाही.

त्यांना आणखी एक काळजी होती. तपासणीत व्हायरस सापडलेल्या माणसाला समाजाने वाळीत टाकलं तर? त्यावरही त्यांनी लिहिलं. ही भीती आजही खोटी ठरलेली नाही. एका ताटात जेवल्याने किंवा गळाभेटीने हा आजार पसरत नाही, तरी लोक रिपोर्ट लपवतात.

पुढे ते ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजचे प्रमुख झाले, नंतर नासाच्या परग्रहांवरील जीवसृष्टीचा शोध घेणाऱ्या संस्थेचे संचालक. ५ एप्रिल २०११ ला कॅलिफोर्नियात नासाच्याच केंद्रावर भाषण दिल्यानंतर हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये सुमारे २५ कोटी ४० लाख लोक हा आजार घेऊन जगत होते. त्यांच्या थकलेल्या टी सेल्सना पुन्हा उभं करायचं संशोधन सुरू आहे. बाळाच्या टी सेल्सवर मात्र ती वेळच येऊ नये, म्हणून जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस द्यायचा असतो.