ओवीकार फादर थॉमस स्टीफन्स

या महोत्सवी स्मरणिकेंत गायकवृंदासंबंधीं कांहीं लिहावें अशी आमची फार दिवसांची इच्छा होती. रविवारीं देवळांत पेटीवर बसणाऱ्याचें काम किती नाजूक असतें, हें बाकांवरील मंडळींच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. परदेशी चालीवर मराठी शब्द बसविले म्हणजे ऱ्हस्व अक्षर ओढलें जातें, दीर्घ अक्षर गिळलें जातें, आणि अर्थ कोठेंतरी मागें राहतो. मग वाजविणारा एखादा सूर गाळतो, एखादा लांबवितो, बायकांस उंच वाटली तर पट्टी उतरवितो, व सर्वांना गातां येईल असें गीत मंडळीच्या हातीं देतो. हेंच काम, पण फार मोठ्या प्रमाणावर, चारशें वर्षांपूर्वीं ज्या पुरुषानें केलें, त्याचें चरित्र आम्ही येथें देत आहों.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत, बुश्टन या खेड्यांत, इ. स. १५४९ च्या सुमारास झाला. त्यांच्या तरुणपणीं तेथें एलिझाबेथ राणीचें राज्य होतें व कॅथलिक धर्म उघडपणें पाळणें धोक्याचें झालें होतें. थॉमस पाउंड नांवाच्या मित्राबरोबर रोमला जाऊन येशूसंघांत शिरण्याचा त्यांचा बेत होता. परंतु पाउंड पकडले जाऊन तुरुंगांत पडले आणि स्टीफन्स यांस एकट्यानेंच निघावें लागलें. १५७५ सालीं रोम येथें त्यांनीं संघांत प्रवेश केला. ता. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून त्यांचें जहाज सुटलें, तें २४ ऑक्टोबरला गोव्यास लागलें. पुढें सुमारें चाळीस वर्षें, म्हणजे १६१९ मध्यें देह ठेवीपर्यंत, ते याच भूमींत राहिले.

त्यांचें बहुतेक आयुष्य सासष्टी प्रांतांत गेलें. १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें फादर रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचे चार संघबंधु मारले गेले, तेव्हां त्यांचीं शवें परत मिळविण्याच्या कामीं फादर स्टीफन्स गेले होते. त्याच वर्षीं कांहीं इंग्रज व्यापारी गोव्यांत कैदेंत पडले, त्यांना जामिनावर सोडविण्यासही ते उपयोगी पडले. पण हीं कामें दुसऱ्या कोणाच्याही हातून झालीं असतीं. जें दुसऱ्याच्या हातून झालें नसतें, तें असें.

सासष्टींतील नवख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें त्यांच्या हातून गेलीं होतीं. देवळांत लॅटिन मिस्सा होई, ऑर्गन वाजे, धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांस युरोपीय स्वरलिपीही शिकवीत. हें सर्व सुंदर होतें, यांत शंका नाहीं. परंतु घरीं परतल्यावर, दिवेलागणीस, काय म्हणावयाचें? पूर्वीं ज्या वेळीं पुराण लागे, ती वेळ रिकामी राहिली होती. फादर स्टीफन्स यांनीं आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायांत ही मागणी एका ब्राह्मण ख्रिस्तीच्या तोंडीं घातली आहे. आमच्या मतें सबंध ग्रंथाचें मर्म तेथेंच आहे.

युरोपीय चालींवर देशी शब्द बसविण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. तो त्यांनीं घेतला नाहीं. त्यांनीं ओवी घेतली. तीन चरणांचें यमक जुळावें, चौथा चरण आंखूड व मोकळा असावा, अक्षरांची मोजणी फार काटेकोर नसावी, आणि म्हणणाऱ्यानें आपल्या श्वासाप्रमाणें ती ओढावी किंवा आवरावी, अशी ही रचना आहे. तिला वाद्य लागत नाहीं, तालीम लागत नाहीं. ओवीचें सामर्थ्य आमच्या तळेगांवच्या वाचकांस सांगावयास नको. जात्यावर बसलेल्या आजीच्या तोंडून ती आपण सर्वांनीं ऐकिली आहे. आणि वर्धा नदीच्या पलीकडे, अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपुरांत, तेराव्या शतकांत महदंबेनें श्रीप्रभूंपुढें धवळे गाइले, तेव्हांपासून भक्ति गाऊन सांगावी ही या प्रदेशाची रीतच आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर एका परदेशी धर्मगुरूनें तीच रीत ओळखिली.

त्यांनीं स्वर्गास वैकुंठ म्हटलें, बायबलांतील कथेस पुराण म्हटलें, आणि लोकांस कळावें म्हणून मराठींत कोंकणी शब्दही मिसळिले. ग्रंथारंभीं त्यांनीं केलेली मराठीची स्तुति प्रसिद्धच आहे. पण त्या स्तुतीहून त्यांनीं ओवी निवडिली, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते. स्तुति पाहुणाही करितो.

हें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं राचोल येथें छापिलें गेलें. पहिल्या पुराणांत जुन्या कराराची कथा व दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र असून एकंदर ओव्या १०,९६२ आहेत. रविवारीं व सणाच्या दिवशीं मिस्सेनंतर तें देवळांत वाचीत. १६४९ व १६५४ मध्यें त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. मात्र या तिन्ही आवृत्त्या रोमन लिपींत होत्या. १६०८ मध्यें फादर स्टीफन्स यांनीं रोमला संघप्रमुखांस पत्र लिहून देशी भाषेंत व देशी अक्षरांत पुस्तकें छापावीं अशी कळकळीची इच्छा कळविली होती. अडचण खिळ्यांची होती. युरोपांत चोवीस अक्षरांवर काम भागे. येथें सुमारें सहाशें खिळे पाडावे लागले असते. तें घडलें नाहीं.

पुढें १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें हुकूम काढिला कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें. भाषा हुकमानें मरत नाहीं, पण ग्रंथ मरूं शकतो. त्या तीन आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. ओव्या तरल्या त्या हस्तलिखितांमुळें. गोव्याहून कानडा प्रांतांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं त्या जपल्या. त्यांवरूनच जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें ग्रंथ पुन्हां छापिला, तोही रोमन लिपींतच. लंडनच्या प्राच्यविद्यालयांतील मार्सडन संग्रहांत मात्र याच पुराणाचें एक देवनागरी हस्तलिखित होतें. जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्यानें तें उजेडांत आणिलें.

फादर स्टीफन्स यांच्या हयातींत मिस्सा लॅटिनमध्यें व पुराण मिस्सेनंतर, अशी मर्यादा होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ मध्यें उपासनेंत लोकभाषेस वाट करून दिली, आणि मराठी गीत मिस्सेच्या आंत आलें. त्यापूर्वीं सात वर्षें, १९५६ मध्यें, शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ति काढिली. ज्या अक्षरांसाठीं तें पत्र रोमला गेलें होतें, त्या अक्षरांत हा ग्रंथ छापून निघावयास ३४८ वर्षें लागलीं.