घर चालवायचं म्हणून सैन्यातून सूट घेतली, अन् वर्ल्ड चॅम्पियनवर पळपुटेपणाचा शिक्का बसला

४ जुलै १९१९. अमेरिकेतलं टोलेडो शहर. साडेसहा फुटी जेस विलार्डला २४ वर्षांच्या जॅक डेम्प्सीने पहिल्याच राउंडमध्ये सात वेळा खाली पाडलं आणि बॉक्सिंगचा हेवीवेट चॅम्पियन बदलला.

पण दुसऱ्याच दिवशी पेपरात त्याच्यावर टीका सुरू झाली. पहिलं महायुद्ध संपून वर्षही झालं नव्हतं. लाखाहून जास्त अमेरिकन सैनिक त्यात गेले होते. मग हा धट्टाकट्टा गडी तेव्हा कुठे होता?

त्याचं झालं असं की, डेम्प्सी कोलोरॅडोतल्या गरीब घरातला. खाणीत राबायचा, मालगाडीखाली लपून फुकट प्रवास करायचा, दारूच्या गुत्त्यात पैज लावून मारामारी करायचा. मिळालेल्या पैशावर घर चालायचं.

१९१७ साली अमेरिका युद्धात उतरली आणि सक्तीच्या भरतीचा कायदा आला. २१ ते ३० वयाच्या सगळ्या पुरुषांना नाव नोंदवावं लागलं. त्यात एक सवलत होती. ज्याच्या कमाईवर घरची माणसं जगतात, त्याचा नंबर मागे ठेवायचे. डेम्प्सीने बायको आणि आई-वडिलांसह घरच्यांचा भार आपल्यावर असल्याचं सांगितलं. त्याला सूट मिळाली. सगळं कायद्याला धरून होतं.

मग त्याचा एक फोटो छापून आला. जहाजबांधणीच्या कारखान्यात डेम्प्सी कामगाराच्या कपड्यांत उभा आहे, पण पायात चकाचक पॉलिशचे बूट! युद्धाला हातभार लावतोय हे दाखवायला काढलेला फोटो त्याच्यावरच उलटला.

खरा दणका १९२० मध्ये बसला. घटस्फोट झालेल्या बायकोने, मॅक्सिनने, पेपरला पत्र लिहून आरोप केला की तो तिला पोसत नव्हता, सुटीसाठी त्याने खोटं सांगितलं. सॅन फ्रान्सिस्कोत खटला उभा राहिला. शिक्षा झाली असती तर तुरुंग होता.

आता प्रश्न एवढाच होता, घर खरंच त्याच्या पैशावर चालत होतं का? त्याच्या आईने कोर्टात येऊन मुलगाच आपल्याला सांभाळत होता असं सांगितलं. नौदलाच्या एका अधिकाऱ्याने साक्ष दिली की १९१८ मध्ये तो भरती व्हायची खटपट करत होता, तेवढ्यात युद्ध संपलं. ज्युरीने काही मिनिटांतच त्याला निर्दोष सोडलं.

कोर्टाने सोडलं, लोकांनी नाही. १९२१ मध्ये जर्सी सिटीत तो फ्रान्सच्या जॉर्ज कार्पांतिएशी लढला. कार्पांतिए युद्धात शौर्यपदकं मिळवलेला वैमानिक. मॅच अमेरिकेत, पण हजारो अमेरिकन परदेशी पाहुण्यालाच चिअर करत होते. डेम्प्सीने चौथ्या राउंडमध्ये त्याला नॉकआउट केलं, तरी शिक्का पुसला गेला नाही.

दुसऱ्या महायुद्धात वय उलटून गेलं होतं. तरीही १९४२ मध्ये तो अमेरिकेच्या कोस्ट गार्डमध्ये दाखल झाला आणि जवानांना फिटनेसचं ट्रेनिंग देऊ लागला. १९४५ मध्ये जपानच्या ओकिनावा बेटावर सैन्य उतरलं, तेव्हा पन्नाशीला टेकलेला डेम्प्सी तिथे गेला होता.

त्यानंतर मात्र पळपुटा म्हणणारे गप्प झाले. १९८३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तो वारला, तेव्हा तो अमेरिकेच्या सगळ्यात लाडक्या खेळाडूंपैकी एक होता.