एकदाच होणारा प्रयोग : रुडॉल्फ कार्तिए

भगिनींनो, वर्धापनदिनासाठी नाटुकले बसविताना आपणां सर्वांना एक अनुभव येतो. पडदा एकदा वर गेला की मागे फिरता येत नाही. संवाद विसरला तर तो सावरून घ्यायचा, पदर कुठे अडकला तर तसाच सोडवून पुढचा प्रवेश गाठायचा. हीच परीक्षा लाखो घरांतील प्रेक्षकांसमोर ज्यांनी वर्षानुवर्षे दिली, त्या रुडॉल्फ कार्तिए यांची ही ओळख. इंग्लंडमध्ये टेलिव्हिजन बाल्यावस्थेत असताना त्यावरील नाटकाला मोठे करणाऱ्या दिग्दर्शकांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते.

त्यांचा जन्म १७ एप्रिल १९०४ रोजी व्हिएन्ना शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. प्रथम त्यांनी वास्तुशिल्पाचा अभ्यास आरंभिला, पण मन रंगभूमीकडे ओढ घेऊ लागले आणि ते नाट्यशिक्षणाकडे वळले. तेथे त्यांना माक्स राइनहार्ट यांच्यासारखा थोर गुरू लाभला. नाटकाची संहिता ही संगीताच्या लिपीसारखी असून तिच्यातून सूर काढणे हे दिग्दर्शकाचे काम आहे, ही गुरूची शिकवण त्यांनी जन्मभर जपली. पुढे बर्लिनच्या चित्रपटसृष्टीत ते पटकथा लिहू लागले. १९३३ साली त्यांना दिग्दर्शनाचीही संधी मिळाली, आणि नेमक्या त्याच वर्षी जर्मनीत हिटलरची सत्ता आली. यहुद्यांना तेथे थारा उरला नाही. जमू लागलेला जम मोडून कार्तिए यांनी देश सोडला आणि १९३५ साली ते इंग्लंडमध्ये येऊन राहिले. मागे राहिलेले त्यांचे कित्येक आप्त पुढे नाझींच्या संहारात बळी पडले. त्यांत त्यांची आईही होती.

इंग्लंडमध्ये भाषा परकी, ओळखी नाहीत. चित्रपटव्यवसायात पाय रोवण्याची त्यांची धडपड बरीच वर्षे चालली. मधूनमधून काम मिळे, पण मनासारखे असे काही हाती लागेना. अखेर १९५२ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते बी. बी. सी.च्या नाट्यविभागाचे प्रमुख मायकेल बॅरी यांच्याकडे मुलाखतीस गेले. नोकरी मागायला गेलेला मनुष्य एरवी गोड बोलतो. यांनी मात्र विभागाची नाटके जुनाट आहेत, नव्या संहिता आणि नवी दृष्टी हवी, असे तोंडावर सांगितले. बॅरी यांचे मोठेपण असे, की त्यांनी राग न मानता त्यांनाच कामावर घेतले.

त्या काळी टेलिव्हिजनवरील नाटक म्हणजे काय प्रकार होता, हे समजून घेतले पाहिजे. चित्रफितीची सोय अजून झालेली नव्हती. नट स्टुडिओत अभिनय करीत आणि त्याच क्षणी तो घरोघरी दिसे. एकाच दालनात अनेक ठिकाणचे देखावे शेजारी शेजारी उभे केलेले असत. एक प्रवेश संपताच नट दबक्या पावलांनी पळत दुसऱ्या देखाव्यात शिरत, वाटेत कपडे बदलीत. दिग्दर्शक वेगळ्या खोलीत पडद्यांसमोर बसून कोणत्या कॅमेऱ्याचे दृश्य बाहेर जावे हे क्षणोक्षणी ठरवी. नटांना एका देखाव्यातून दुसऱ्यात जाण्यास अवधी मिळावा म्हणून कार्तिए आधी चित्रित केलेले तुकडे मध्ये गुंफीत. त्यामुळे नाटक चार भिंतींबाहेर पडून रस्त्यांवर, मैदानांवर फिरू लागले.

१९५३ च्या उन्हाळ्यात लेखक नायजेल नील यांची 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' ही सहा भागांची मालिका त्यांनी सादर केली. अंतराळात गेलेल्या तीन माणसांपैकी एकच परत येतो आणि तोही हळूहळू माणूस राहत नाही, अशी ती कथा. कॅमेरे १९३६ सालचे, पैसा बेताचा. शेवटच्या भागात वेस्टमिन्स्टर ॲबेत अक्राळविक्राळ प्राणी दाखवायचा होता. नील यांनी आणि त्यांच्या भावी पत्नी ज्युडिथ केर यांनी हातमोज्यांना झाडपाला चिकटवून तो घरीच तयार केला, आणि ॲबेच्या मोठ्या छायाचित्राला भोके पाडून नील यांनी त्यांतून हात हलविले. ज्युडिथ केर याही बालपणी हिटलरच्या भयाने बर्लिन सोडून आलेल्या. सामान्य गृहिणीच्या युक्तीने साकारलेल्या त्या राक्षसाला इंग्लंडातील प्रेक्षक खरोखर घाबरले!

पुढच्या वर्षी, १२ डिसेंबर १९५४ च्या रविवारी रात्री, त्यांनी जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' या कादंबरीचे नाट्यरूप दाखविले. माणसाच्या मनावरही पहारा ठेवणाऱ्या निर्घृण सत्तेची ती कथा. पीटर कुशिंग आणि इव्हॉन मिचेल यांनी मुख्य भूमिका केल्या. छळाचे प्रवेश पाहून लोक हादरले, तक्रारींचा पाऊस पडला, प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले. गुरुवारचा दुसरा प्रयोग रद्द करावा अशी मागणी झाली. तथापि बी. बी. सी.ने माघार घेतली नाही. राणी एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप यांनाही नाटक आवडल्याचे जाहीर झाले. १६ डिसेंबरला सर्व नटांनी पुन्हा आरंभापासून तो प्रयोग केला आणि सुमारे ७० लाख लोकांनी तो पाहिला. ज्याचे घरदार अशाच सत्तेने हिरावले, त्याने परक्या देशातील बैठकीच्या खोल्यांत बसलेल्या सुखी माणसांना ते भय समोर उभे करून दाखविले. लोक चिडले, ते त्यांच्या वर्मी लागले म्हणूनच.

१९५८–५९ मधील 'क्वाटरमास अँड द पिट' या मालिकेतही माणसांच्या अंतरंगात दडलेल्या वंशद्वेषाचाच विषय होता. याखेरीज ऑपेरा, ब्रेख्तचे नाटक, 'वुदरिंग हाइट्स' असे किती तरी प्रयोग त्यांनी केले. १९६१ च्या 'अ‍ॅना कॅरेनिना'त त्यांनी शॉन कॉनरी या तरुण नटाला घेतले होते. तो पुढे जगप्रसिद्ध झाला. ७ जून १९९४ रोजी, नव्वदाव्या वर्षी, कार्तिए निवर्तले.

त्यांच्या कामांपैकी बरेचसे आज पाहावयास मिळत नाही. 'क्वाटरमास'च्या पहिल्या मालिकेचे सहापैकी दोनच भाग उरले. '१९८४'चा उरला तो गुरुवारचा प्रयोग. रविवारी ज्याने एवढे रान उठविले, तो प्रयोग त्याच रात्री विरून गेला.

भगिनींनो, हे दुःख आपल्याला परके नाही. दिवसभर राबून केलेला स्वयंपाक तासाभरात संपतो, दारातली रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते. म्हणून आपण मीठ अंदाजाने टाकतो काय? ठिपके वाकडे काढतो काय? कार्तिए यांनीही पुसले जाणार हे ठाऊक असलेले काम जिवाचे मोल देऊन केले. उशिरा मिळालेली संधी, परका देश आणि उराशी बाळगलेले आईचे दुःख, यांपैकी एकाचीही सबब त्यांनी पुढे केली नाही. त्यांच्या चरित्रातून आपण घ्यावे ते हेच.