बा : हरिलालची आई

कस्तुरबांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे सत्याग्रहात तुरुंग भोगलेली, आश्रमात राबणारी, साध्या खादीच्या लुगड्यातील मूर्ती उभी राहते. त्या थोरवीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या स्मरणिकेसाठी मी त्यांच्या चरित्राचा दुसरा भाग निवडला आहे. वाट सोडून गेलेल्या मुलाची आई म्हणून त्या कशा जगल्या, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे.

बांचा जन्म ११ एप्रिल १८६९ रोजी पोरबंदर येथील एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. लग्न अगदी कोवळ्या वयात झाले. पहिले मूल जन्मानंतर काही दिवसांतच गेले आणि १८८८ साली हरिलाल झाला. तो मांडीवर असतानाच गांधीजी बॅरिस्टरीसाठी विलायतेस गेले, ते १८९१ साली परतले. १८९३ साली ते पुन्हा दक्षिण आफ्रिकेस निघाले. हरिलालच्या बाळपणाचा बराचसा काळ वडिलांवाचून, आईच्या पदराशी गेला. पुढे मणिलाल, रामदास व देवदास असे तीन भाऊ त्याच्या पाठीवर झाले.

मुलांनी रीतसर शाळेत शिकावे, चार लोकांसारखा संसार करावा, अशी बांची साधी इच्छा होती. १९०१ साली आफ्रिकेचा निरोप घेताना लोकांनी दिलेले दागिने परत करण्याचे गांधीजींनी ठरविले, तेव्हा बांनी चांगलाच विरोध केला. मुलांना आतापासूनच बैरागी करावयाचे काय, असा त्यांचा रोख होता. शेवटी दागिने परत गेले. मुलांच्या शाळेविषयीही गांधीजींचेच विचार चालले.

हरिलाल मुळात वाईट मुलगा नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आफ्रिकेतील लढ्यात १९०८ पासून त्याने अनेकदा तुरुंगवास सोसला. लोक त्याला छोटे गांधी म्हणत. पण वडिलांप्रमाणे बॅरिस्टर व्हावे ही त्याची हौस पुरी झाली नाही. विलायतेत शिकण्याची शिष्यवृत्ती चालून आली, तीही गांधीजींनी दुसऱ्या तरुणांना देवविली. १९११ साली तो वडिलांपासून दुरावून हिंदुस्थानात परतला. मॅट्रिकच्या परीक्षेत अपयश आले. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत त्याची पत्नी गेली आणि त्याचा उरलासुरला आधार तुटला. दारू, कर्ज, फसलेले व्यापार यांत तो खोल खोल जात राहिला. त्याच्या पोरक्या लेकरांना बांनी माया दिली. स्वतःचा मुलगा हाताबाहेर गेलेला असताना त्याची मुले सांभाळणे किती जड असते, हे ज्या आजीवर वेळ आली असेल तिलाच कळेल.

१९३६ साली हरिलालने धर्मांतर केले व काही महिन्यांतच तो परतही फिरला. या साऱ्याचा गवगवा वर्तमानपत्रांतून झाला. मद्रासेस दारूच्या नशेत त्याला अटक झाल्याची बातमीही आली. तेव्हा बांनी मुलाला उद्देशून एक उघडे पत्र प्रसिद्ध केले. त्यांचे शिक्षण बेताचेच होते, पण पत्र वाचताना आईचे काळीज कळते. रोज सकाळी उठताना आज पेपरात काय छापून येईल या धास्तीने त्यांचा जीव थरथरे. मुलाला त्यांनी खडसावले आणि त्याच्या अधःपाताचा तमाशा करणाऱ्यांनाही सोडले नाही.

खडसावले तरी दार मात्र लावले नाही. एकदा गांधीजी व बा आगगाडीने जात असता कटनी स्टेशनवर गर्दीतून बांच्या नावाचा जयजयकार ऐकू आला. पाहतात तो हरिलाल! कपडे फाटके, प्रकृती ढासळलेली. त्याने खिशातून एक संत्रे काढून आईच्या हाती दिले आणि ते तिनेच खावे, असा हट्ट धरला. वडिलांना त्याने काही दिले नाही. बांनी संत्रे खाल्ले. गाडी हलली आणि त्यांना आठवले, डब्यात फळे असून आपण त्याला काहीच दिले नाही. घाईघाईने फळे काढली, पण गाडीने वेग घेतला होता.

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झाल्यावर बांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. अखेरच्या दुखण्यात त्यांना हरिलालची ओढ लागली. तो आला, तेव्हा त्यांना आनंद झाला. पण मृत्यूच्या आदल्या एकदोन दिवसांत तो पुन्हा आला तो नशेत. त्याला तसा पाहून बांनी आपले कपाळ बडवून घेतले, आणि त्याला तेथून दूर न्यावे लागले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी बांनी देह ठेवला. १८ जून १९४८ रोजी हरिलालही मुंबईत क्षयाने गेला.

भगिनींनो, या कथेचा शेवट गोड नाही. बांच्या मायेने मुलगा सुधारला, असे मी लिहिले तर ते खोटे होईल. त्याच चार मुलांपैकी तिघे नीट मार्गाला लागले. आई एकच होती. म्हणून एखाद्या घरात मुलगा बिघडला की आईचे काय चुकले, हे आधी विचारण्याची आपली रीत मला अन्यायाची वाटते. असे मूल असलेली बाई हळूहळू हळदीकुंकवाला येईनाशी होते, भिशीला निरोप पाठविते. दुःखापेक्षा आपल्या नजरा तिला जड होतात.

बांच्या काळी व्यसनाला केवळ दुर्गुण मानीत. आज तो उपचार करता येण्याजोगा आजार मानला जातो. ज्या पुण्यात बांनी डोळे मिटले, तेथेच १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांच्या पुढाकाराने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. बांना न मिळालेली मदत आज मागता येते. ती मागण्याचे धैर्य यावे म्हणून शेजारणीने सोबत चालावे, एवढे तरी आपल्या मंडळाला करता येईल.

आगाखान पॅलेसच्या आवारात बांची समाधी आहे. पुण्यास गेलात तर तेथे दोन फुले वाहा, आणि त्या वेळी हरिलालच्या आईचीही आठवण ठेवा.